इसेजी : जपानच्या की द्वीपकल्पातील किनाऱ्यालगतच्या जुन्या घाटवाटांची पार्श्वभूमी

जपानमधील होन्शू बेटाचा जो भाग ओसाका आणि नागोया यांच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागरात उतरलेला आहे, त्याला की द्वीपकल्प म्हणतात. हा सगळा मुलूख डोंगराळ असून डोंगर थेट समुद्राला भिडतात. सपाट जमीन सापडते ती नद्यांच्या मुखाशी आणि आखातांच्या पोटात, आणि तीही थोडीथोडकीच. या द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाने, इसे येथील महामंदिरापासून दक्षिणेकडील कुमानोच्या तीन देवस्थानांपर्यंत, सुमारे 170 किलोमीटर लांबीची एक जुनी वाट जाते. तिला इसेजी म्हणतात. कुमानोकडे जाणाऱ्या सगळ्या जुन्या वाटांना मिळून कुमानो कोदो असे नाव आहे आणि इसेजी ही त्यांपैकी एक होय. 2004 च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘की पर्वतरांगांतील पवित्र स्थळे आणि यात्रामार्ग’ या नावाने ज्या स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत इसेजीवरील अनेक खिंडी आणि समुद्रकाठचे काही टप्पे आहेत.

परदेशी प्रवासी या वाटेवर येतात ते बहुधा एक छायाचित्र मनात धरून : शेवाळलेल्या दगडांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना हिनोकीची (जपानी सायप्रसची) सरळसोट झाडे आणि मधोमध विणलेल्या टोपीतला एखादा यात्रेकरू. त्याच्या जोडीला हजार वर्षांपूर्वी सम्राट याच दगडांवरून चालत गेले, ही समजूतही असते. छायाचित्र खरे आहे. समजूत मात्र दोन वेगळ्या वाटांचा आणि दोन वेगळ्या काळांचा इतिहास एकत्र करून तयार झालेली आहे. सम्राट आले ते द्वीपकल्पाच्या दुसऱ्या, पश्चिमेकडील बाजूने. इसेजीवरची फरसबंदी बहुतांशी सतराव्या शतकानंतरची आहे, आणि ती घातली गेली ती शेतकरी, कारागीर, दुकानदार अशा साध्या माणसांच्या पायांसाठी आणि सरकारी जासुदांसाठी. माझ्या मते या वाटेचे खरे महत्त्व यातच आहे. पण ते समजण्यासाठी आधी कुमानोकडे पाहावे लागते.

कुमानोची तीन देवस्थाने म्हणजे डोंगरातील होंगू, कुमानो नदीच्या मुखाशी शिंगू गावात असलेले हायातामा आणि 133 मीटर उंचीच्या धबधब्याजवळचे नाची. नदी, डोंगर आणि धबधबा यांची पूजा येथे लेखी इतिहासाच्या आधीपासून होत असावी. बौद्ध धर्म जपानमध्ये रुजल्यावर स्थानिक देवता या बुद्धांची आणि बोधिसत्त्वांची रूपे आहेत, असा विचार पुढे आला आणि कुमानोत तो विशेष पक्का झाला : होंगूचा देव म्हणजे अमिताभ, हायातामाचा म्हणजे भैषज्यगुरू आणि नाचीचा म्हणजे अवलोकितेश्वर, ज्याला जपानमध्ये कान्नोन म्हणतात. मृत्यूनंतरची सद्गती, रोगमुक्ती आणि संकटातून सुटका अशी तिन्ही आश्वासने एकाच यात्रेत मिळत असल्यामुळे राजधानी क्योतोतील दरबाराला या दुर्गम कोपऱ्याचे आकर्षण वाटू लागले. शिवाय कुमानोला स्त्रियांना मज्जाव नव्हता. याच डोंगररांगेतील ओमिने पर्वताच्या एका शिखरावर आजही स्त्रियांना जाऊ दिले जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे कुमानोच्या या उदारपणाची किंमत कळते.

निवृत्त सम्राट उदा यांनी 907 मध्ये कुमानोची यात्रा केली. पण खरी लाट आली ती 1090 मध्ये निवृत्त सम्राट शिराकावा येथे येऊन गेल्यानंतर. गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा आले आणि गो-तोबांच्या फेऱ्याही जवळजवळ तितक्याच होत. क्योतोहून होडीने ओसाकापर्यंत, तेथून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला तानाबेपर्यंत आणि मग नाकाहेची या वाटेने डोंगरात, असा त्यांचा मार्ग असे. वाटेत ओजी नावाची छोटी उपदेवळे होती, ज्यांची संख्या परंपरेने नव्याण्णव सांगतात. प्रत्येक मुक्कामी स्नान, पूजा, कधी काव्यमैफल होई. 1201 मध्ये गो-तोबांच्या ताफ्यात कवी फुजिवारा नो तेइका होते. त्यांच्या दैनंदिनीत भक्तीपेक्षा दमणूक, सर्दीपडसे आणि मुक्कामाच्या गैरसोयी यांच्याच नोंदी जास्त आहेत, आणि म्हणूनच ती आज इतकी विश्वासार्ह वाटते. 1221 मध्ये याच गो-तोबांनी कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि त्यांना ओकी बेटावर हद्दपार करण्यात आले. दरबाराची सत्ता आणि तिजोरी आटली, तशा शाही यात्राही आटल्या. 1281 मध्ये कामेयामा यांच्यासोबत ती परंपरा संपली. त्यानंतर सामुराई आले आणि त्यांच्यामागोमाग सामान्य लोक. यात्रेकरूंच्या रांगेला पुढे मुंग्यांच्या रांगेची उपमा दिली गेली, ती याच काळाची.

या सगळ्या काळात पूर्वेकडची वाट अस्तित्वातच नव्हती असे नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास झोकी नावाच्या भिक्षूने कुमानोहून इसेकडे जाताना पूर्व किनाऱ्याने प्रवास केल्याचे त्याच्या प्रवासवर्णनावरून दिसते आणि त्यात हाना-नो-इवायाचा उल्लेख आहे. आजच्या कुमानो शहराजवळ समुद्रासमोर सुमारे 45 मीटर उंचीचा एक प्रचंड कडा उभा आहे. तेच हे स्थान. येथे देऊळ म्हणून इमारत नाही, कडा हाच देव. 720 मध्ये पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात इझानामी या आदिमातेला कुमानोतील आरिमा गावी पुरल्याची कथा आहे आणि ते दफनस्थान हेच असे मानतात. दरवर्षी 2 फेब्रुवारी आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावकरी एक लांबलचक दोरखंड कड्याच्या माथ्यावरून खाली समुद्राच्या दिशेने ताणतात आणि त्याला फुले बांधतात. वाट सोडून थोडे थांबावे असे हे ठिकाण आहे.

पूर्व किनाऱ्यावर मध्ययुगीन रस्त्याचा प्रत्यक्ष पुरावाही एका ठिकाणी दिसतो. हादासु या छोट्या वस्तीजवळ फरसबंदीचा जो तुकडा आहे तो कामाकुरा काळातील, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपासचा, आणि इसेजीवरील सर्वांत जुना मानला जातो. येथले दगड नंतरच्या फरसबंदीतील दगडांपेक्षा ठळकपणे मोठे आणि जाड आहेत. एकेक दगड हलवायला किती माणसे लागली असतील, असा प्रश्न पाहताक्षणी पडतो. याच वस्तीत जोफुकूचे देऊळ आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाने अमरत्वाचे औषध आणायला पाठवलेला हा माणूस वादळात सापडून हादासुला लागला, अशी आख्यायिका आहे. शिंगू शहरही त्याच्यावर हक्क सांगते, आणि जपानमधली इतर अनेक गावेही सांगतात.

इसेजीला आजचे रूप मिळाले ते 1619 नंतर. त्या वर्षी जपानवर अडीच शतके राज्य करणाऱ्या लष्करी घराण्याचे संस्थापक तोकुगावा इएयासू यांचे पुत्र योरिनोबू यांना की प्रांताची जहागीर मिळाली. साडेपाच लाख कोकू (कोकू हे तांदळाचे माप) उत्पन्नाच्या या जहागिरीत केवळ आजचा वाकायामा प्रांत नव्हता; मात्सुसाका, तामारू असा इसे प्रांतातील सुपीक भागही तिच्यात होता. म्हणजे राजधानी वाकायामा द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, महसूल देणारा एक महत्त्वाचा तुकडा ईशान्येला आणि मध्ये डोंगर. शिवाय ओवासेच्या परिसरातील जंगलांवर सरकारचा डोळा होता. तेथे हिनोकीच्या लागवडीची सुरुवात 1624 ची सांगतात. पत्रे, जासूद आणि अधिकारी यांची ये-जा होण्यासाठी बारमाही रस्ता हवा होता. त्यामुळे की जहागिरीने जुनी वाट दुरुस्त केली, काही ठिकाणी चढ टाळून नवी खिंड काढली, घाटांत दगड बसवले आणि दर एक री अंतरावर, म्हणजे सुमारे चार किलोमीटरवर, मातीचे उंचवटे रचून त्यांवर झाडे लावली. लाकूड, कोळसा, मासळी असा जड माल मात्र शक्यतो समुद्रानेच जात असे. घाटवाटेवर माणसे आणि त्यांच्या पाठीवर मावेल तेवढेच सामान. रस्ता अरुंद राहिला त्याचे कारण हेच.

सरकारी गरजेसाठी केलेला हा रस्ता भरला तो यात्रेकरूंनी. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या तोकुगावा राजवटीत, शेतकऱ्याला गाव सोडून फिरण्याची मुभा सहज मिळत नसे, पण इसेच्या यात्रेला नाही म्हणणे अधिकाऱ्यांनाही जड जाई. गावोगाव इसे-को नावाची मंडळे होती : सर्वांनी वर्गणी काढायची आणि दरवर्षी सोडतीत ज्यांचे नाव निघेल त्यांनी सगळ्यांच्या वतीने इसेला जायचे. 1705, 1771 आणि 1830 या वर्षी तर लाखो लोक, काही जण घरी न सांगता, इसेकडे लोटले. एवढा खर्च करून आणि परवाना काढून निघालेला माणूस इसेला हात जोडून लगेच परत फिरणार नाही, हे उघडच आहे. पूर्व जपानमधून, एदो (आजचे तोक्यो) आणि त्याच्याही पलीकडून आलेले अनेक जण पुढची वाट धरत. इसेला सात वेळा आणि कुमानोला तीन वेळा जावे, अशी म्हणच होती.

त्यांना पुढे ओढणारे दुसरे कारण म्हणजे साइगोकू, म्हणजे पश्चिम मुलखातील तेहतीस कान्नोन मंदिरांची यात्रा. तिचे पहिले मंदिर नाचीच्या धबधब्याजवळील सेइगांतो-जी आणि तेहतिसावे आजच्या गिफू प्रांतातील केगोन-जी. इसे संपवून निघालेला यात्रेकरू तामारू गावी यात्रेचा पांढरा वेष चढवी, इसेजीने सात-आठ दिवसांत नाचीला पोहोचे आणि तेथून उरलेली बत्तीस मंदिरे करत क्योतोमार्गे घरी परते. म्हणून इसेजीवर बहुतेकांची चाल एकतर्फी असे. पांढऱ्या वेषात निघायचे ते वाटेत मरण आले तर दुसरे कफन शोधायला नको, असे म्हणत, आणि ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. यात्रेकरूजवळच्या परवान्यात, हा वाटेत मरण पावल्यास तुमच्या गावच्या रीतीप्रमाणे मूठमाती द्यावी आणि घरी कळवण्याची तसदी घेऊ नये, अशा अर्थाचा मजकूर असे. घाटांच्या कडेला आजही अशा अनोळखी यात्रेकरूंच्या दगडी खुणा आढळतात.

नाचीच्या कान्नोनचा धागा थेट भारतापर्यंत येतो. सेइगांतो-जीच्या स्थापनेची परंपरागत कथा अशी की, भारतातून समुद्रमार्गे आलेला एक साधू नाचीच्या किनाऱ्याला लागला आणि त्याने धबधब्याशी तपश्चर्या करून कान्नोनची प्रतिष्ठापना केली. ही कथा इतिहास म्हणून घेण्याजोगी नाही. पण ती नाचीलाच का सुचली, हे समजण्यासारखे आहे, कारण बौद्ध ग्रंथांनी अवलोकितेश्वराचे निवासस्थान, पोतलक पर्वत, दक्षिणेकडे समुद्राजवळ मानला होता आणि जपानी लोकांच्या दृष्टीने दक्षिणेच्या समुद्राला सामोरे जाणारे टोक म्हणजे कुमानो. नाचीच्या किनाऱ्यावरील फुदाराकुसान-जी या मंदिरातून नवव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत सुमारे वीस वेळा भिक्षू एका बंदिस्त होडीत बसून त्या पर्वताच्या शोधात समुद्रात सोडले गेले, आणि ते परत येणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. त्या होडीची प्रतिकृती मंदिराच्या आवारात ठेवलेली आहे. तिच्या चारही बाजूंना लाकडी तोरी, म्हणजे शिंतो देवळांपुढे असतात तशा कमानी, उभारलेल्या आहेत आणि मधल्या खोपटात माणूस जेमतेम बसू शकेल एवढीच जागा आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि कान्हेरीत अवलोकितेश्वराभोवती जी संकटांची शिल्पपट्टी कोरलेली आहे, तिच्यात बुडत्या जहाजातून हाका मारणारे प्रवासी आहेत. ज्याला कोकण किनाऱ्यावरचे व्यापारी जहाज बुडताना हाक मारत, त्याच्याकडेच नाचीचे भिक्षू होडीतून निघाले होते.

आता प्रत्यक्ष वाटेकडे. इसेजी किनाऱ्यालगत जाते असे म्हणतात, पण ती क्वचितच किनाऱ्याने जाते. द्वीपकल्पाचा हा भाग दंतुर आहे. डोंगराच्या सोंडा समुद्रात घुसतात आणि प्रत्येक दोन सोंडांच्या मध्ये एक आखात आणि एक मासेमारीचे गाव. वाट एक सोंड चढते, खिंड ओलांडते, गावात उतरते आणि पुन्हा पुढची सोंड चढते. उंची फार नाही, बहुतेक खिंडी समुद्रसपाटीपासून शे-दीडशे ते साडेतीनशे मीटरच्या दरम्यान आहेत. दमवतो तो सततचा चढउतार. इसेकडून येणाऱ्याला कुमानोचा समुद्र पहिल्यांदा दिसतो तो 357 मीटर उंचीच्या त्सुझुरातो खिंडीतून. इसे आणि की या प्रांतांची जुनी हद्द येथेच होती. एदो काळात बाजूला निसाका ही कमी उंचीची खिंड वापरात आल्यावर त्सुझुरातो मागे पडली आणि तेथली दरडीला आधार देणारी न घडवलेल्या दगडांची भिंत बऱ्याच अंशी शाबूत राहिली, याचे श्रेय त्या ओसाडपणालाच द्यावे लागेल.

फरसबंदीचा सर्वांत सुंदर नमुना ओवासेच्या उत्तरेकडील मागोसे खिंडीत आहे. सुमारे दोन किलोमीटरपर्यंत जवळजवळ सलग दगड बसवलेले आहेत, काही चांगले हातभर-दोन हात रुंद. हे दगड घडवलेले नाहीत. डोंगरातच मिळणारे ग्रॅनाइटच्या जातीचे धोंडे निवडून सपाट बाजू वर येईल असे बसवलेले आहेत आणि त्यांचे सांधे चुन्याने नव्हे तर नुसत्या वजनाने आणि पाचरीच्या लहान दगडांनी धरलेले आहेत. कोकणात वाढलेल्या माणसाला पाखाडीची आठवण येईल, मात्र जांभा कापून त्याच्या सारख्या पायऱ्या करता येतात, येथे तशी सोय नव्हती. चढावर कुठेकुठे पाणी बाजूला काढण्यासाठी तिरपी चर ठेवलेली आहे; जिथे ओढा वाटेला आडवा येतो तिथे रुंद दगड अशा रीतीने लावले आहेत की पाणी वाटेवरून वाहून जावे आणि माती मात्र जागेवर राहावी. एका ओढ्यावर अखंड शिळेचा छोटा पूल आहे. त्याच्या जवळपासच, रात्री रडणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी नवस बोलला जाई तो जिझो, म्हणजे मुलांचा आणि प्रवाशांचा रक्षक मानला जाणारा बोधिसत्त्व, आहे.

एवढा खटाटोप करण्याचे कारण पाऊस. ओवासेत वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या दीडपटीहून जास्त, आणि जपानमधील शहरांत हा आकडा सर्वांत वरच्यांपैकी आहे. 26 सप्टेंबर 1968 या एका दिवसात तेथे 806 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. समुद्रावरून येणारे दमट वारे किनाऱ्यालगतच्या उभ्या डोंगरांना धडकतात आणि विशेषतः टायफूनच्या दिवसांत सगळे पाणी येथेच टाकतात. अशा ठिकाणी मातीची वाट दोन पावसाळ्यांत ओढा होऊन जाते. शिवाय नेचे आणि झुडपे इतक्या वेगाने वाढतात की नुसती तुडवलेली वाट एका हंगामात दिसेनाशी होते. दगडांमुळे तेही आवरले जाते. आज जी फरसबंदी पर्यटकांना रम्य वाटते, ती पावसाविरुद्धची स्थापत्याची उपाययोजना होती. आजूबाजूची हिनोकीची झाडीही निसर्गाने दिलेली नाही. ती लागवड आहे, पिढ्यान्पिढ्या दाट लावून, विरळ करत, हळूहळू वाढवलेली. ओवासेची ही वनशेती 2017 मध्ये जपान सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्य केली.

मागोसेनंतर येणारा याकियामा हा इसेजीवरील सर्वांत अवघड घाट. त्याची 627 मीटर उंची आजच्या गिर्यारोहकाला किरकोळ वाटेल, पण समुद्रसपाटीवरून सरळ चढून पुन्हा समुद्रसपाटीवर उतरायचे आणि तेही दरोडेखोर, लांडगे आणि पाऊस यांच्या भीतीत, हे साइगोकू यात्रेतील सर्वांत कठीण ठिकाण म्हणून नावाजलेले होते. वाटेला सोळाव्या शतकाच्या अखेरीस इसेच्या भाविकांनी दर शंभर मीटरच्या आसपास एक असे जिझो कोरलेले अंतरदर्शक दगड बसवले. मूळचे पन्नास होते; आज त्यांतले बरेच अजून जागेवर आहेत. चढताना प्रत्येक दगडापाशी दम घ्यायचा आणि हात जोडायचे, अशी त्यांची दुहेरी सोय होती.

याकियामाच्या पुढे सोने गावाजवळ वाटेच्या कडेने लांबच लांब दगडी भिंती जातात. अनेक प्रवाशांना त्या एखाद्या किल्ल्याच्या वाटतात. त्या रानडुकरे आणि हरणे शेतात शिरू नयेत म्हणून गावकऱ्यांनी रचलेल्या आहेत, आणि त्यांत गेलेले श्रम रस्त्याच्या फरसबंदीपेक्षा कमी नसावेत.

शेवटची डोंगरी खिंड म्हणजे 135 मीटरची मात्सुमोतो. माथ्यावर माणसाएवढा उंच जिझो आहे. तो बसवल्याच्या रात्रीच एका शिकाऱ्याने त्याला भूत समजून गोळी घातली, अशी कथा आहे आणि मूर्तीवर तो खळगा दाखवतात. येथून खाली पाहिले की किनाऱ्याचे रूप एकदम पालटलेले दिसते : आखाते संपतात आणि शिचिरी-मिहामा हा वीस किलोमीटरहून लांब, जवळजवळ सरळ, गोट्यांचा किनारा सुरू होतो. डोंगरातून सुटलेल्या यात्रेकरूला हा टप्पा सोपा वाटत असेल असे आपल्याला वाटते, पण अनुभव उलटा होता. गोट्यांवर पाय रुततो, सावली नाही आणि या किनाऱ्याला येऊन मिळणाऱ्या छोट्या नद्यांवर पूल नव्हते. दोन लाटांच्या मधल्या क्षणी धावत नदीमुख ओलांडायचे, ही एकच पद्धत होती. ती चुकलेले अनेक जण वाहून गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड किनाऱ्यालगत आहेत. पुढे कुमानो नदी नावेने ओलांडली की हायातामा.

ज्यांना समुद्र टाळायचा असे ते हाना-नो-इवायाजवळून फुटणाऱ्या होंगूच्या आतल्या वाटेने जात. त्या वाटेवर मारुयामाची भातखाचरे लागतात. 1601 च्या मोजणीत ती 2,240 होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाचशेच्या घरात उतरली होती आणि गावकऱ्यांनी पुन्हा लागवडीखाली आणून ती 1,340 पर्यंत नेली.

ही वाट मोडली ती मेइजी काळात (1868 ते 1912), आणि एकाच कारणाने नव्हे. 1868 मध्ये नव्या सरकारने शिंतो देव आणि बौद्ध धर्म यांची सक्तीने फारकत केली. कुमानोची तर सगळी इमारतच या दोघांच्या मिश्रणावर उभी होती. 1872 मध्ये डोंगरात तपश्चर्या करणाऱ्यांच्या शुगेन्दो पंथावर बंदी आली. 1889 च्या महापुरात होंगूचे मूळ देवस्थान वाहून गेले आणि 1891 मध्ये उरलेली मंदिरे वरच्या टेकडीवर हलवावी लागली. 1906 पासून सरकारने छोटी देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचे धोरण राबवले आणि मिए (इसेजी मुख्यतः याच प्रांतात आहे) व वाकायामा या दोन प्रांतांत ते सर्वांत कडकपणे अमलात आले. देऊळ गेले की त्याची देवराई लाकूड व्यापाऱ्याला विकली जाई. तानाबेत राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले, सभा उधळल्या, 1910 मध्ये तुरुंगातही गेले. देवराई तुटली तर तिच्यातली बुरशी आणि कीटक जातील, मग पाणी जाईल आणि शेवटी गावातली माणुसकीही जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. नाचीचे मूळ जंगल आणि नाकाहेचीवरील काही प्राचीन सुगी वृक्ष वाचले, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या लढ्याचे रणांगण पश्चिम बाजू होती. पूर्वेकडे असा कैवारी नव्हता.

इसेजीच्या बाबतीत निर्णायक ठरला तो वाहनांचा रस्ता. मेइजी काळात ओवासेच्या दक्षिणेला यानोको या वेगळ्या, अधिक उंच खिंडीतून नवा मार्ग काढण्यात आला आणि याकियामा सुना पडला. रेल्वे इसेकडून 1934 मध्ये ओवासेपर्यंत आणि दुसऱ्या टोकाकडून 1940 मध्ये आजच्या कुमानो शहरापर्यंत आली, पण मधला तुकडा, बोगद्यांमागून बोगदे, 15 जुलै 1959 पर्यंत रखडला. तोवर डोंगरावरून सरकारी रेल्वेची बस धावत असे. म्हणजे ज्या किनाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी लाखो पायांना वाट दिली होती, तो जपानच्या मुख्य रेल्वेजाळ्याला सर्वांत उशिरा जोडल्या गेलेल्या भागांपैकी एक ठरला. जुन्या घाटांवर नंतर जे दुर्लक्ष झाले, त्यानेच त्यांतले दगड टिकवले. जिथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 42 जुन्या वाटेवरूनच गेला, तिथे आता डांबरच आहे.

वाटेचा शोध पुन्हा घेतला तो बहुतांशी स्थानिक रहिवाशांनी. 1990 च्या दशकात गावोगावच्या गटांनी पालापाचोळा आणि माती बाजूला सारून फरसबंदी मोकळी केली, जुन्या खुणा शोधल्या आणि 1999 मध्ये मिए प्रांताने या भागाची ओळख करून देणारा मोठा महोत्सव भरवला. त्यानंतर पाच वर्षांत जागतिक वारसा यादीत नाव आले. या यशाला विरोधही झाला आणि तो लपवण्यासारखा नव्हता : याकियामाच्या वाटेवर वनमालकांनी आपल्याच झाडांच्या खोडांवर रंगाने वारसा यादीच्या निषेधाची अक्षरे लिहिली. जी झाडी पाहायला जग येणार होते ती त्यांचे उत्पन्न होती आणि संरक्षित पट्ट्यात तोडणीवर बंधने येणार ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. ‘पवित्र पर्वत’ असे शीर्षक देताना त्या पर्वतावर कोणाचा सातबारा आहे, हे विचारायचे राहून जाते.

2007 मध्ये ओवासेत हिनोकी आणि सुगीच्या लाकडात बांधलेले कुमानो कोदो केंद्र सुरू झाले आणि वाटेचा इतिहास एका जागी पाहायची सोय झाली. सप्टेंबर 2011 मधील टायफूनने की द्वीपकल्पात मोठी प्राणहानी केली आणि अनेक घाटवाटा खचल्या. दुरुस्ती करताना सिमेंट न वापरता निखळलेला दगड शक्य तिथे त्याच्याच जागी परत बसवायचा, असा दंडक आहे, त्यामुळे हे काम यंत्रापेक्षा हाताने आणि म्हणून संथपणे चालते.

नागोयाहून नान्की ही एक्सप्रेस गाडी अडीच-तीन तासांत ओवासेला पोहोचवते. ज्याला एकच दिवस आहे त्याने ओवासेच्या अलीकडच्या आइगा स्थानकावर उतरून मागोसे ओलांडावा आणि पुन्हा ओवासेला गाडी पकडावी. रमतगमत अडीच-तीन तास पुरतात. प्रत्येक खिंडीत शंभर शंभर मीटरवर छोटे क्रमांकाचे खांब आहेत, त्यांवर तुमचा खांब कितवा आणि एकूण किती हे लिहिलेले असते, त्यामुळे अपघात झाल्यास ठिकाण सांगणेही सोपे जाते. कातारिबे म्हणजे कथेकरी-मार्गदर्शक बहुतांशी त्याच गावांतले निवृत्त लोक असतात. जपानी येत नसेल तर आधी चौकशी करून दुभाष्याची व्यवस्था पाहावी. पाऊस पडून गेल्यावर मागोसेचे दगड काचेसारखे निसरडे होतात, म्हणून ओवासेच्या बाजूचा उतार उतरताना दगडाच्या उंचवट्यावर पाय न देता दोन दगडांच्या सांध्यावर द्यावा, एवढे तेथले कातारिबे प्रत्येकाला बजावतात.